पिल्लाचे शिक्षण : पद्धतीची निवड

कुत्र्याच्या पिल्लाच्या आयुष्यातील तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ पुन्हा मिळत नाही. या काळात जी माणसे, जे आवाज, ज्या जागा आणि जे प्राणी त्याने निर्धास्तपणे पाहिले-हुंगले, ते त्याला पुढे परके वाटत नाहीत. जे पाहिलेच नाही, त्याची धास्ती सहज बसते आणि मग ती काढता काढता वर्षे जातात. अमेरिकेतील बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी वेगवेगळ्या जातींच्या पिल्लांवर दीर्घकाळ काम केले आणि १९६५ मध्ये ते ग्रंथरूपाने मांडले, तेव्हापासून हा मुद्दा पक्का झाला आहे. भारतात २०१७ च्या श्वानपैदास व विक्री नियमांनुसार आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही. हे योग्यच आहे, कारण चावताना जोर किती लावायचा हे पिल्लू आईकडून आणि भावंडांकडून याच दिवसांत शिकते. परंतु त्याचा अर्थ असा की पिल्लू नव्या घरी येते तेव्हा त्या मोलाच्या काळाचा निम्मा भाग सरलेला असतो आणि हातात जेमतेम चार ते सहा आठवडे उरतात. म्हणून कोणत्या पद्धतीने शिकवायचे, हा प्रश्न पिल्लू आणण्याआधी सोडवायचा असतो.

‘ट्रेनिंग’ म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे ‘बस’, ‘ऊठ’, ‘हात दे’ एवढेच येते. प्रत्यक्षात पिल्लाला शिकवायच्या गोष्टींत आज्ञांचा क्रमांक बराच खाली लागतो. आधी जगाची ओळख. मग शू-शीची जागा, दातांना आवर, थोडा वेळ एकटे राहण्याची सवय, कान-पंजे-तोंडाला हात लावू देणे. त्यानंतर हाकेला येणे, थांबणे, तोंडातले सोडणे. आणि सर्वांत शेवटी, गरज असलीच तर, राखण, शोध किंवा स्पर्धा यांसारखे काम. सहा महिन्यांचे कुत्रे सांगितल्याबरोबर बसते, पण पाहुणा आला की पलंगाखाली थरथरते आणि डॉक्टरने कान धरताच चावते, तर त्याचे शिक्षण फसले असेच म्हणावे लागते. पद्धतींची तुलना करताना हा क्रम सुटला की सगळी चर्चा भरकटते. बहुतेक जुन्या पद्धती शेवटच्या पायरीसाठी आणि वाढलेल्या कुत्र्यांसाठी घडल्या. पिल्लांवर त्या नंतर लादल्या गेल्या.

नाशिक जिल्ह्यात कुत्र्याचे शिक्षण पूर्वी कोणी वेगळे काढून करत नसे. सिन्नर, येवला, नांदगाव या कोरडवाहू तालुक्यांत मेंढरांच्या तळावर जन्मलेले पिल्लू डोळे उघडल्यापासून मेंढरांच्या वासात वाढते, जुन्या कुत्र्यामागे हिंडते आणि कशावर भुंकायचे, कशाकडे दुर्लक्ष करायचे हे त्याच्याकडूनच उचलते. राखणीच्या कुत्र्याची कळपाशी जवळीक याच कोवळ्या आठवड्यांत जडते, हे शास्त्राने नंतर सांगितले. मेंढपाळ ते व्यवहारात करतच होते. मळ्यातले किंवा गावातल्या वाड्याच्या दारातले कुत्रेही दिवसभर माणसे, गुरे, कोंबड्या, गाड्या यांच्यात असे. त्याला एकटेपणा माहीत नव्हता.

यावरून ‘कुत्री आपोआप शिकतात’ असा समज रूढ झाला आणि तो अजूनही टिकून आहे. त्यात एक मोठी चूक आहे. जी पिल्ले शिकली नाहीत, ती गाडीखाली गेली, हाकलली गेली किंवा मेली. त्यांची मोजदाद कोणी केली नाही. कोलकाता येथील आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास केला, त्यात पाचांतले एक पिल्लूही धडपणे वयात येत नाही असे आढळले. शहाणे गावकुत्रे दिसते, ते या कठोर चाळणीतून उरलेले असते. घरात आणलेल्या एकुलत्या एका पिल्लाला अशी चाळणी लावता येत नाही. गंगापूर रोडवर किंवा इंदिरानगरात सहाव्या मजल्यावर वाढणाऱ्या लॅब्राडॉरला शिकवायला जुने कुत्रे नाही, अंगण नाही आणि नोकरदार घरात दिवसाचे सात-आठ तास माणूसही नाही. पूर्वी जे आजूबाजूचे जग करत होते, ते आता माणसाने जाणीवपूर्वक करायचे आहे. शिक्षणपद्धतीचा प्रश्न उभा राहतो तो येथे.

लेखी परंपरेत सर्वांत जुना ठळक प्रवाह धाकाचा. जर्मन पोलीस अधिकारी कॉनराड मोस्ट यांचे कुत्र्यांच्या प्रशिक्षणावरील पुस्तक १९१० मध्ये निघाले. हवे ते केले की सुखद अनुभव, नको ते केले की पट्ट्याचा हिसका किंवा छडी, असा त्याचा गाभा होता. वेळेचे भान, म्हणजे कृती आणि तिचे फळ यांत क्षणाचेही अंतर पडू न देणे, मोस्ट यांनी फार लवकर ओळखले होते. ते श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. अमेरिकेत विल्यम कोहलर यांनी १९६२ च्या पुस्तकातून हाच मार्ग अधिक कडक करून घरोघरी पोहोचवला. भारतात मेरठच्या सैनिकी पशुवैद्यक केंद्रातून, ग्वाल्हेरजवळील टेकनपूरच्या सीमा सुरक्षा दलाच्या केंद्रातून आणि पुण्यात शिवाजीनगरच्या गुन्हे अन्वेषण विभागाच्या श्वान प्रशिक्षण केंद्रातून कुत्री तयार होत आली. पुण्यातच शिकलेल्या मुंबई पोलिसांच्या ‘जंजीर’ या लॅब्राडॉरने १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर ३,३२९ किलो आरडीएक्स शोधून दिले. महाराष्ट्रात ‘पोलिसांसारखे ट्रेनिंग’ या शब्दांना जे वजन आहे, ते अशा कामगिरीमुळे.

ते वजन रास्त आहे. त्यातून काढला जाणारा निष्कर्ष मात्र चुकतो. पोलीस दलातील कुत्रे निवडून घेतलेले असते, त्याच्यासोबत नेमून दिलेला हस्तक असतो आणि त्या माणसाचे कामच ते असते. घरातल्या पिल्लाबाबत यांतले काहीही लागू होत नाही. शिवाय वास शोधणाऱ्या कुत्र्यांचे आजचे शिक्षण प्रामुख्याने बक्षिसावर उभे आहे. स्फोटकाचा माग लागला की आवडता चेंडू मिळतो, म्हणून कुत्रे जीव तोडून शोधते. धाकाने कुत्र्याला थांबवता येते, नाक चालवायला लावता येत नाही.

धाकाला तात्त्विक आधार मिळाला तो लांडग्यांच्या अभ्यासातून. रुडॉल्फ शेंकेल यांनी बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांचे निरीक्षण १९४७ मध्ये प्रसिद्ध केले. कळपात वर्चस्वासाठी सतत झगडा असतो, असे त्यात दिसले. डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकाने ‘अल्फा’ हा शब्द सर्वतोमुखी केला. त्यातून ‘आधी माणसाने जेवायचे’, ‘दारातून आधी माणसाने जायचे’, ‘पिल्लू गुरगुरले तर उताणे पाडून दाबून धरायचे’ असे दंडक निघाले. पुढे मेक यांनीच कॅनडाच्या उत्तरेकडील एल्समिअर बेटावर मोकळ्या लांडग्यांचा माग ठेवला आणि १९९९ मध्ये स्पष्ट लिहिले की रानातील कळप म्हणजे आई, बाप आणि त्यांची पिल्ले यांचे कुटुंब असते; कोंडवाड्यातील अनोळखी लांडग्यांचे भांडण त्याला लागू नाही. आपले जुने पुस्तक छापणे थांबवावे, असा आग्रहही त्यांनी प्रकाशकाकडे धरला. शास्त्राने सोडलेली ही कल्पना दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमांतून पुन्हा घराघरांत शिरली आणि नाशिकमध्येही ‘बॉस कोण ते दाखवा’ हा सल्ला आजही मिळतो. आठ आठवड्यांच्या पिल्लाला उताणे दाबून धरले की ते एवढेच शिकते, की माणसाचे हात धोक्याचे असतात.

तिसरा प्रवाह बक्षिसाचा. सेंट पीटर्सबर्गच्या इवान पावलोव्ह यांनी पचनक्रियेवर काम करताना कुत्र्यांमध्ये खुणेशी जोडलेला प्रतिसाद पाहिला, एडवर्ड थॉर्नडाइक यांनी मांजरांच्या प्रयोगांतून दाखवले की ज्या कृतीचे फळ चांगले, ती कृती पुन्हा घडते, बी. एफ. स्किनर यांनी १९५१ मध्ये सर्वसामान्य वाचकांसाठी लेख लिहून, टिकटिक आवाजाचे खेळणे आणि खाऊचा तुकडा यांनी घरचे कुत्रे कसे शिकवता येते हे समजावले. कॅरेन प्रायर यांनी हवाई बेटांवर डॉल्फिन शिकवले. पाण्यातल्या डॉल्फिनला पट्टा घालता येत नाही आणि मारताही येत नाही. बक्षीस आणि अचूक वेळ याच दोन गोष्टी उरतात. त्यांच्या १९८४ च्या पुस्तकाने हा अनुभव कुत्र्यांकडे आणला. त्याच सुमारास मूळचे ब्रिटिश पशुवैद्यक इयन डनबर यांनी कॅलिफोर्नियात पट्ट्याविना भरणारे पिल्लांचे वर्ग सुरू केले. त्याआधी कुत्रे सहा महिन्यांचे झाल्यावरच शिकवायला घ्यावे, अशी सर्वत्र रीत होती. ती रीत हिसक्याच्या पद्धतीमुळेच पडली होती, कारण कोवळी मान हिसका सोसत नाही. शिकवण्याचे वय सहा महिन्यांवरून दोन महिन्यांवर आले, हा या शाखेतील सर्वांत मोठा पालट आहे.

बक्षिसाच्या पद्धतीवर नेहमीचा आक्षेप असा की ती लालूच आहे. खाऊ आधी दाखवून काम करून घेतले तर ती लालूच खरीच. काम झाल्यावर, ‘शाब्बास’ म्हणून, क्षणार्धात दिलेला तुकडा हे मोल असते आणि कृती पक्की झाली की ते विरळ करत न्यायचे असते. दुसरा गैरसमज असा की या पद्धतीत नकार नाही. नकार आहे, पण तो बहुतांशी आधीच बंदोबस्त करून दिला जातो. चपला उचलून ठेवणे, स्वयंपाकघराच्या दाराला आडोसा लावणे, दात लागताच खेळ थांबवून बाजूला होणे, हे नकाराचेच प्रकार आहेत. बक्षीस म्हणजे केवळ चिकनचा तुकडा असेही नाही. कोलकात्याच्या त्याच गटाने २०१७ मध्ये दाखवले की रस्त्यावरची कुत्री वारंवार भेटणाऱ्या अनोळखी माणसाकडून खाण्यापेक्षा मायेने कुरवाळणे अधिक पसंत करतात. भारतीय कुत्र्यांविषयीचा हा पुरावा दत्तक घेतलेल्या गावठी पिल्लांच्या घरांनी आवर्जून लक्षात ठेवावा.

धाक आणि बक्षीस या दोहोंच्या मधे ‘समतोल’ म्हणवणारी पद्धत उभी आहे. ती बक्षीस देते आणि चुकीला हिसका, काटेरी पट्टा, क्वचित विजेचा पट्टाही वापरते. मधला मार्ग नेहमीच शहाणा वाटतो, म्हणून तो पारखून घ्यायला हवा. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मारणे, डोळे वटारणे, उताणे पाडणे अशा झोंबाझोंबीच्या उपायांनी अनेक कुत्री अधिकच अंगावर आली. पोर्तुगालमधील पोर्तो येथे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शिक्षेवर भर देणाऱ्या वर्गांतील कुत्र्यांच्या लाळेत ताणाचे रसायन वाढलेले आढळले आणि वर्गाबाहेरही त्यांचा कल साशंकतेकडे दिसला. अमेरिकेतील पशुवर्तन वैद्यकांच्या संघटनेने २०२१ मध्ये सर्व वयांच्या कुत्र्यांसाठी बक्षिसाधारित पद्धतीच वापराव्यात, अशी भूमिका घेतली. हे अभ्यास मुख्यतः पाश्चात्त्य घरांतील कुत्र्यांचे आहेत, ही मर्यादा मान्य केली तरी पिल्लापुरता निर्णय अवघड राहत नाही. ज्या वयात भीती सर्वांत खोल रुजते, त्या वयात मुद्दाम भीती वापरण्याचे समर्थन करता येत नाही. चार महिन्यांखालील पिल्लासाठी समतोल पद्धत हा पर्याय नाहीच.

नाशिकमध्ये हा विषय आज निकडीचा का झाला, याची कारणे अगदी स्थानिक आहेत. पहिले कारण लसीकरणाचे. पार्वो हा पिल्लांचा जीवघेणा रोग येथे सर्रास आढळतो आणि त्याचे विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतात. लसींची मालिका सहा-आठ आठवड्यांपासून सोळाव्या आठवड्यापर्यंत चालते, रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास दिली जाते. तोवर पिल्लू घराबाहेर काढू नये, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो शब्दशः पाळला तर जगाची ओळख होण्याचा काळ बंद दाराआड संपतो. तोडगा आहे. पहिल्या लसीनंतर आठवडाभराने, जंतनाशक देऊन झाल्यावर, पिल्लाला कडेवर किंवा पिशवीत घेऊन कॉलेज रोडच्या वर्दळीत बसावे, रिक्षातून फिरवावे, लस झालेल्या ओळखीच्या कुत्र्याच्या घरी न्यावे. फक्त रस्त्याच्या, बागेच्या मातीत सोडू नये. घरी येणारी माणसेही उपयोगी पडतात: हेल्मेट घातलेला डिलिव्हरीवाला, काठी टेकत येणारे आजोबा, किलबिलाट करणारी मुले. पिल्लाचे दात लागून कोणाला रक्त आले, तर मात्र ‘पिल्लूच आहे’ म्हणून सोडून देऊ नये. जखम साबणाने पंधरा मिनिटे धुऊन डॉक्टर गाठावा.

दुसरे कारण आवाजाचे. नाशिक ढोलाची कीर्ती महाराष्ट्रभर आहे. गणेश विसर्जन, दिवाळीचे फटाके, लग्नाच्या वरातीतील डीजे यांतून येथील कुत्र्याची सुटका नाही. जून-जुलैत आणलेले पिल्लू गणपतीपर्यंत आवाजाला सरावू शकते. मोबाइलवर ढोलाचा आवाज अगदी हळू लावून जेवण द्यावे, पिल्लू शांत राहते तितकाच आवाज दिवसागणिक वाढवावा. कान मागे पडले, शेपूट आत गेली, खाणे थांबले, की आवाज कमी करावा. ‘एकदा मिरवणुकीत नेऊन आणा, भीती मोडेल’ हा उपाय अनेक चांगली कुत्री बिघडवून बसला आहे.

तिसरे कारण शेतीचे. हा जिल्हा द्राक्षांचा आणि कांद्याचा. निफाड, दिंडोरीच्या बागांत खाली पडलेली द्राक्षे, लासलगाव पट्ट्यातल्या चाळींतील कांदा ही येथे रोजच्या पायाखालची वस्तू, आणि दोन्ही कुत्र्याला विषारी. द्राक्षे आणि बेदाणे मूत्रपिंड निकामी करू शकतात; कांदा, शिजवलेला असला तरी, रक्तातील तांबड्या पेशी फोडतो. म्हणजे रश्श्यात कुस्करलेली भाकरी हा पिल्लाचा नेहमीचा आहारही धोक्याचाच. अशा ठिकाणी ‘सोड’ ही आज्ञा ‘हात दे’पेक्षा कितीतरी आधी शिकवायला हवी, आणि ती तोंडातून हिसकावून शिकवता येत नाही. हिसकावणाऱ्या माणसापासून पिल्लू पळते आणि घाईने गिळते. दुसरी चांगली वस्तू पुढे करून, सोडताच ती देऊन, अदलाबदलीतून ‘सोड’ शिकवावे लागते. पद्धतीच्या निवडीवर प्राण अवलंबून असू शकतो, याचे याहून रोकडे उदाहरण नाही.

मळ्यावरच्या घरांना आणखी एक विचार करावा लागतो. निफाड, दिंडोरी, सिन्नर भागांत उसाच्या फडांतून बिबट्याचा वावर आहे. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले परिसरात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचाच निघाला. ‘राखणीचे आहे, बाहेरच तयार होऊ दे’ म्हणून पिल्लू रात्री अंगणात साखळीला बांधणे म्हणजे त्याला बिबट्याच्या तोंडी देणे होय. राखण करणारे कुत्रे दिवसा माणसांत वाढवून, रात्री दाराआड ठेवूनच तयार होते. दिवसरात्र बांधलेले कुत्रे राखण करत नाही. ते फक्त भुंकते. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने कुत्रे अकारण आखूड साखळीला जखडणे आणि बांधलेल्या कुत्र्याला न फिरवणे हा गुन्हा ठरवला आहे, हे फार थोड्या मालकांना ठाऊक असते.

निवड करताना पिल्लाची जात आणि स्वभाव पाहावा लागतो, पण कोणत्या दिशेने? मुधोळ किंवा कारवान ही आपल्या दख्खनची शिकारी कुत्री नजरेने सावज टिपतात. पळणारी वस्तू दिसली की हाक ऐकू येत नाही. त्यांना हाकेला येणे कुंपणाच्या आत, फार लवकर आणि फार घसघशीत बक्षिसावर शिकवावे. लॅब्राडॉर खाण्यासाठी काहीही करतो, म्हणून त्याचा खाऊ रोजच्या जेवणातूनच वजा करावा. बुजरे गावठी पिल्लू हाताने भरवण्यापेक्षा आधी दूर बसलेल्या माणसाजवळ आपणहून येऊ द्यावे. यांत वेग बदलतो, बक्षीस बदलते, अंतर बदलते. धाकाची गरज मात्र कुठल्याच जातीला लागत नाही. ‘ही जात मारल्याशिवाय ऐकत नाही’ असे सांगणारा त्या जातीविषयी नव्हे, स्वतःच्या कौशल्याविषयी सांगत असतो.

घरातली माणसे हा त्याहून मोठा घटक. आई ‘खाली बस’ म्हणते, मुलगा ‘सिट’, आजी लाडाने ताटातला घास देते आणि वडील त्याच घासासाठी रागावतात, तर कोणतीही पद्धत चालत नाही. घराला झेपेल आणि सगळ्यांना जमेल अशी साधी पद्धत ही एकट्यालाच येणाऱ्या उत्तम पद्धतीपेक्षा श्रेष्ठ. याच कारणाने ‘महिनाभर आमच्याकडे ठेवा, शिकवून परत देतो’ या सोयीकडे सावधपणे पाहावे. त्या महिन्यात पिल्लू प्रशिक्षकाचे ऐकायला शिकते, घराचे नव्हे. आणि नेमके ओळखीचे आठवडे दृष्टीआड जातात. घरी येणारा प्रशिक्षक निवडताना एक प्रश्न पुरतो: पिल्लू चुकले तर काय करणार? उत्तरात पट्टा आधी आला, तर दुसरा प्रशिक्षक शोधावा. सर्वांसमोर शिकवायला नकार देणाऱ्यालाही घरात घेऊ नये.

प्रस्तुत पुस्तक या सगळ्या पसाऱ्यात पिल्लाच्या पहिल्या सहा महिन्यांपुरतेच बोलते. बक्षिसाच्या पद्धतीची बाजू ते उघडपणे घेते, इतर प्रवाहांतले टिकाऊ तेवढे, विशेषतः वेळेचे भान आणि मेंढपाळांची सहवासाची रीत, आपलेसे करते. उदाहरणे येथील घरांची, मळ्यांची आणि सोसायट्यांची घेण्याचा त्याचा प्रयत्न आहे, कारण परदेशी पुस्तकांतील कुंपणाची हिरवळ आणि निवांत रस्ते गृहीत धरून दिलेला सल्ला येथे लटका पडतो. वाढलेल्या, चावऱ्या किंवा खोलवर घाबरलेल्या कुत्र्यांचा प्रश्न वेगळा आहे. त्यासाठी पशुवैद्यक आणि वर्तनतज्ज्ञ यांच्याकडेच जावे. पुस्तक क्रमाने वाचण्याचीही सक्ती नाही. पिल्लू घरी येऊन बसले असेल तर शू-शी आणि चावण्याचा भाग आधी वाचावा. पिल्लू अजून यायचे असेल, तर घरातील सर्वांनी एकत्र बसून कोणत्या कामासाठी कोणता शब्द वापरायचा हे ठरवावे, तो कागद फ्रिजवर लावावा आणि पहिल्या लसीची तारीख पशुवैद्यकाकडून आजच लिहून घ्यावी.